गरिबानं परगावी गेल्यावर झोपायचं कुठं? गाडगेबाबांनी उभं आयुष्य घातलं ते या प्रश्नापायी

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खराटा येतो. शाळेत २३ फेब्रुवारीला फोटोला हार घालायचा, मैदान झाडायचं, झाली जयंती. सरकारनंही २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचंच नाव दिलं आणि खराटा कायमचा चिकटला.

पण बाबांच्या नावावर जमलेला पैसा गेला कुठं हे बघायला लागलं की वेगळंच चित्र दिसतं. खराट्याला कितीसा पैसा लागतो? पैसा गेला तो घाट, वसतिगृहं, शाळा आणि मुख्य म्हणजे धर्मशाळांमध्ये. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, मुंबई. स्वतः झाडाखाली झोपणारा हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालत फिरला. तेही अशा लोकांच्या, ज्यांना गाव सोडून बाहेर पडावं लागतं आणि बाहेर कुणी दारात उभं करत नाही.

हे वेड त्यांना लागलं कुठून, हे समजून घ्यायचं तर आधी त्या काळच्या वऱ्हाडात जावं लागतं.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचं गाव आहे. तिथं १८७६ साली झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. जात परीट. म्हणजे बलुतेदारी. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन वाट्याचं धान्य आणायचं. मजुरी किती, हे मागायची सोय नाही. देणाऱ्याच्या मनावर. झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आल्या. माहेर दापुऱ्याचं, मूर्तिजापूर तालुक्यातलं, आजच्या अकोला जिल्ह्यात. त्या पोराचं पहिलं स्थलांतर म्हणायचं तर हेच. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी पोर गुरं राखायला लागलं, पुढं नांगर धरायला लागलं.

आता त्या वेळचं वऱ्हाड म्हणजे काही कोपऱ्यात पडलेला मुलूख नव्हता. १८५३ साली निजामानं कर्जापायी हा प्रांत इंग्रजांकडे सोपवला. इंग्रजांचा डोळा होता इथल्या काळ्या मातीतल्या कापसावर. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या. मग वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगावात सरकी काढण्याचे अन् गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. मूर्तिजापूर तर पुढं अचलपूर आणि यवतमाळकडून कापूस घेऊन येणाऱ्या छोट्या रेल्वेचं, आपल्या शकुंतलेचं, जंक्शन झालं.

युद्ध संपलं आणि भाव कोसळले. ज्वारीच्या रानात कापूस लावून बसलेल्या शेतकऱ्याला हे कळायचं कसं? भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरायचा, तार अकोल्याच्या व्यापाऱ्याला यायची आणि दापुऱ्याच्या शेतकऱ्याला सावकाराच्या वहीतून समजायचं. त्यात इंग्रजांनी मोजणी करून जमिनी शेतकऱ्यांच्या नावावर केल्या होत्या. ऐकायला बरं वाटतं, पण जमीन नावावर झाली म्हणजे ती गहाण ठेवता येते आणि गहाण ठेवलेली जमीन जाते. जागतिक बाजाराशी जोडलं जाणं म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवलं होतं. कापूस समुद्र ओलांडून जात होता, पिकवणारा मात्र स्वतःच्याच शेतात मजूर होत होता.

चंद्रभान मामाचंही तेच झालं. सावकाराचं कर्ज, अंगठ्याचे कागद, फेडलेल्या पैशांची नोंद नाही आणि शेवटी जमीन गेली. त्या धक्क्यातून मामा उठले नाहीत. डेबूजी तोवर कर्ता झाला होता. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा गडी औत सोडून आडवा गेला, आणि माणसं परत गेली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. कोर्टकचेरी न करता एक अडाणी परीट सावकारासमोर उभा राहिला याचं त्या पंचक्रोशीत फार अप्रूप होतं. पण सगळ्यांचे भाचे काही असे नव्हते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाडला झोडपलं, त्यात किती घरं मोडली आणि किती माणसं पोट घेऊन रस्त्याला लागली हे डेबूजीनं ऐन विशी-पंचविशीत डोळ्यांनी पाहिलं असणार.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं होतं. मुलगी झाली, तिच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण घालायचं डेबूजीनं नाकारलं आणि गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले. बाप दारूत गेलेल्या पोराला हे पटवून द्यायची गरज नव्हती, आणि रिवाजाच्या जेवणासाठी माणूस सावकाराकडे जातो हेही त्याला ठाऊक होतं.

मग १ फेब्रुवारी १९०५. डेबूजीनं घर सोडलं. अंगावर फाटकं, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. तिशीही पूर्ण नव्हती. मागं आई, बायको, लेकरं.

इथं जरा थांबूया. संतांच्या गोष्टीत माणूस घर सोडतो आणि आपण त्याच्या मागोमाग चालू लागतो. घरात काय झालं हे कुणी विचारत नाही. कुंताबाईंनी सासूसोबत लेकरं कशी वाढवली, शेताचं काय केलं, ही गोष्ट कुणी फारशी सांगितलेली नाही. नवरा कामाला परमुलखात गेलेल्या हजारो बायका आजही हेच करतात. पुढं बाबांच्या नावावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाही घरच्यांनी झोपडीतच राहावं हा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या निःस्पृहपणाचं कौतुक करताना त्याची किंमत कुणी मोजली हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पुढची बारा वर्षं बाबा फिरत राहिले. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, अंगावर चिंध्यांची गोधडी. गाडगं ऊन लागलं की डोक्यावर, भूक लागली की भाकरीला. कुणी गोधडे महाराज म्हणे, कुणी चिंधेबुवा. कुत्री अंगावर सोडणारेही होतेच.

या फिरण्याचा एक नियम होता आणि माझ्या मते बाबांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. फुकट खायचं नाही. गावात शिरले की आधी झाडायला लागायचं, कुणाची लाकडं फोडून द्यायची, शेतात काम दिसलं तर हात लावायचा, चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा द्यायचा. मग भाकरी. तीही शिळी चालेल. आणि काम झाल्यावर मजुरी द्यायला मालक शोधू लागला की हा माणूस गायब.

रस्त्यावरच्या परक्या मजुराचं आयुष्य बाबा असे बारा वर्षं जगले. ओळख नाही, जात माहीत नाही, कपडे फाटके. अशा माणसाशी गाव कसं वागतं, कुठल्या ओट्यावर बसू देतं आणि कुठून हाकलतं, पाणी वरून ओततं की भांडं हातात देतं, हे सगळं त्यांनी पाठ केलं. पुढं कीर्तनात ते प्रश्नामागून प्रश्न टाकून लोकांना बोलतं करायचे आणि त्यांचाच अनुभव त्यांच्यासमोर मांडायचे. पोथी वाचून हे कीर्तन जमलं नसतं.

पहिलं मोठं काम उभं राहिलं ऋणमोचनला. अमरावती जिल्ह्यातच, पूर्णा नदीच्या काठी. पौषातल्या रविवारी इथं यात्रा भरते. गावाच्या नावाचा अर्थच कर्जातून सुटका. सावकारी कर्जानं मामा गमावलेल्या माणसानं कामाला इथूनच सुरुवात करावी, हा योगायोग. काठावर चिखल, बाया-म्हाताऱ्या घसरून पडायच्या. बाबांनी आधी खराट्यानं अन् फावड्यानं वाट केली आणि पुढं तिथं पक्का घाट बांधून घेतला.

मग पंढरपूर. बाबा पंढरीला जायचे, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जायचे नाहीत. वाळवंटातली घाण काढायची, वारकऱ्यांचे कपडे धुवायचे, हे त्यांचं काम. तिथं त्यांना दिसलं की दिंडीत सोबत चालत आलेल्या महार वारकऱ्याला पंढरीत पोचल्यावर कुणी आपल्या मठात, धर्मशाळेत घेत नाही. पायी शेकडो मैल आलेला माणूस भर पावसात उघड्यावर. १९१७ च्या सुमारास बाबांनी चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. देवळाचे दरवाजे दलितांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. म्हणजे विठ्ठलाचं दर्शन मिळायच्या तीस वर्षं आधी बाबांनी झोपायच्या जागेचा प्रश्न घेतला होता. ही धर्मशाळा त्यांनी पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. शिकायला बाहेर पडलेलं पोर हेही परगावी आलेलं माणूसच.

नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इथलीही कामं लोकवर्गणीतून झाली. बाबा पैशाला हात लावायचे नाहीत. वर्गणी विश्वस्तांकडे, हिशोब विश्वस्तांकडे. आपल्या नात्यागोत्यातल्या कुणाचाही या संस्थांवर हक्क राहणार नाही अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. सही करता न येणाऱ्या माणसाला कागदाची ताकद पक्की कळलेली होती. ती ताकद मामाच्या जमिनीनं शिकवली होती, दुसरं काय.

या सगळ्या घाईत एकदा कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

आता मुंबई. इथं आपला मुद्दा सगळ्यात जवळ येतो.

मुंबईच्या गिरण्यांत राबणारी माणसं कोकणातली, घाटावरची, खानदेश-वऱ्हाडाकडचीही. आणि गिरण्यांना लागणारा कापूस आपल्या वऱ्हाडातूनही जायचा. कापसाला गोदामात जागा होती, कापसामागं गेलेल्या माणसाला नव्हती. चाळीतल्या एका खोलीत पंधरा-वीस जण, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच अंथरुणावर. जेवण खानावळीत. मजूर हवा पण त्याचं बिऱ्हाड नको, हा हिशोब तिथं उघड दिसायचा. मजुराची बायको-पोरं गावी राहिली की त्यांना पोसायचा खर्च गावाची शेती उचलते आणि गिरणीमालकाला एकट्या जिवापुरती मजुरी देऊन भागतं. आज आखाती देशांत शहराबाहेरच्या लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत दहा जण झोपतात, तोही हाच हिशोब. जगभरात स्वस्त मजूर स्वस्त पडतो कारण त्याचा अर्धा खर्च दुसरंच कुणी भरत असतं.

बाबा मुंबईत कीर्तनं करायचे तेव्हा याच लोकांशी बोलायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा रोख. इथं कुणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की मजुरी वाढवून मागा, संप करा, असं ते का बोलले नाहीत? १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिने संप चालला, त्या मुंबईत हा प्रश्न काही परका नव्हता. उत्तर सरळ आहे. बाबा कामगार पुढारी नव्हते. ते मालकाशी भांडायला गेले नाहीत, मजुराच्या घरातून बाहेर गळणारा पैसा थांबवायला गेले. दारूची बाटली, सावकाराचं व्याज, नवसाचा बोकड. ही बाजू अपुरी आहे हे मान्य. पण व्याजात बुडालेला कामगार संपात आठवडाभरही टिकत नाही हेही तितकंच खरं.

आणि १९५४ साली त्यांनी जे काम केलं ते तर कुठल्याच पुढाऱ्याच्या यादीत नव्हतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा. सरकारी दवाखान्यात रुग्णाला खाट मिळते. त्याला घेऊन आलेल्या बायकोला, बापाला काय मिळतं? फुटपाथ. गावाकडून आलेली मजूर माणसं दवाखान्याच्या दारात चुली मांडून दिवस काढायची. रोजी बुडालेली, हातात पैसा नाही, शहर अनोळखी. आजारी मजुराची खरी कंबर मोडते ती औषधापेक्षा या बाहेर काढलेल्या दिवसांत. मुंबईत दादरला त्यांच्या नावानं चालणारी धर्मशाळा आज टाटा कॅन्सर रुग्णालयात येणाऱ्या लोकांना आधार देते. टाटाला ज्याच्या घरचं कुणी नेलंय अशा वऱ्हाडातल्या माणसाला हा पत्ता वेगळा सांगावा लागत नाही.

खरं तर या धर्मशाळा कामगारांसाठी म्हणून बांधलेल्या नव्हत्या. कुणी वारकरी, कुणी रुग्णाचा नातेवाईक, कुणी विद्यार्थी. पण अंगावरची पाटी बाजूला केली तर माणूस एकच. ज्याची रोजी गेली तर चूल पेटत नाही असा.

जगाच्या पाठीवर याच सुमारास काय चाललं होतं बघा. १९४९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी एक करार केला. कायदेशीररीत्या आलेल्या स्थलांतरित कामगाराला मजुरीच्या आणि राहायच्या जागेच्या बाबतीत देशातल्या लोकांपेक्षा कमी वागणूक देऊ नका, असं त्यात आहे. भारतानं या कराराला आजवर मान्यता दिलेली नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्यांसाठी १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदारानं राहायला योग्य जागा द्यायची, येण्याजाण्याचा खर्च द्यायचा, विस्थापन भत्ता द्यायचा, सगळं कागदावर होतं. पाच किंवा जास्त मजूर आणणाऱ्याला तो लागू होता. २०२० च्या संहितेत तो विलीन झाला तेव्हा ही मर्यादा दहा झाली. आणि मुळात कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांचा. मेळघाटातून पुण्याच्या बांधकामावर गेलेला कोरकू मजूर राज्यातच राहतो, म्हणून त्याच्यात बसतच नाही. चिखलदऱ्याहून पुणे काही जवळ नाही, पण कायद्याच्या नकाशात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळे कागद एका झटक्यात उघडे पडले. मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्ग अकोला, मूर्तिजापूर, अमरावतीवरूनच जातो. मजूर चालत निघाले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून भुसावळकडे निघालेले १६ मजूर रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळावर का झोपले, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. झोपायला दुसरी जागा कुठली होती, असं विचारणारे कमी होते.

बाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालं. वय ऐंशीच्या घरात, शरीर खंगलेलं. महिन्याभरात, ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबांना गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत जिथं त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. शहरातलं विद्यापीठही २००५ पासून त्यांच्याच नावानं चालतं. वलगावचा तो पूल परतवाड्याच्या रस्त्यावर आहे. मेळघाटातून कामाला बाहेर पडणारे लोक त्याच रस्त्यानं जातात आणि होळीला त्याच रस्त्यानं परत येतात.